बंद पडलेली सार्वजनिक इमारत चालवायला घेताना : नव्या मंडळांसाठी, बचतगटांसाठी मार्गदर्शक

प्रत्येक तालुक्यात अशा इमारती सापडतात. आमदार-खासदार निधीतून बांधलेलं समाजमंदिर, ज्याचं उद्घाटन थाटात झालं आणि दुसऱ्या वर्षी कुलूप लागलं. पटसंख्या घटल्यामुळे रिकाम्या झालेल्या शाळेच्या दोन खोल्या. साहित्य आलं पण चालवणारं कोणी नाही म्हणून गंजत पडलेली व्यायामशाळा. आणि त्याच गावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं देवळाच्या ओट्यावर बसलेली, बचतगटाच्या बायका कुणाच्या तरी पडवीत मीटिंग घेताहेत.

आपल्याकडे बांधकामाला निधी मिळतो, झाडू मारायला मिळत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची ती यादी आहे आणि त्यातला अगदी शेवटचा, २९ वा विषय म्हणजे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. बहुतेक ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकातही तो शेवटीच येतो. म्हणून गावातल्या एखाद्या मंडळाने, महिला ग्रामसंघाने किंवा तरुणांच्या गटाने पुढे येऊन "ही इमारत आम्ही चालवतो" म्हणणं मोलाचं आहे. पण ते नीट केलं पाहिजे. चांगल्या हेतूने घेतलेली इमारत दोन वर्षांत परत कुलपाआड गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. कारणं जवळपास सगळीकडे तीच होती: कागद कच्चे आणि देखभालीच्या पैशांचा विचारच नाही.

स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या एका कायद्याने स्थानिक गटांना सरकारी इमारत किंवा जमीन रीतसर मागण्याचा हक्क दिला आहे. पूर्ण अर्ज आला की प्रशासनाला ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो आणि नकार द्यायचा तर सबळ कारण दाखवावं लागतं. महाराष्ट्रात असा एकच सरळ कायदा नाही. आपल्याला ग्रामसभेचा ठराव, मालकाची मंजुरी आणि करारनामा या तीन गोष्टी जोडत वाट काढावी लागते. वाट आहे, आणि कायदेशीर आहे. फक्त क्रम चुकवू नका.

आधी मालक कोण ते शोधा

"इमारत ग्रामपंचायतीची आहे" असं गावात सगळे म्हणतात. त्यावर विसंबू नका. इमारत एकाची, जमीन दुसऱ्याची आणि पैसा तिसऱ्याचा, असं सर्रास असतं.

सुरुवात ग्रामपंचायत कार्यालयातून करा. लेखासंहितेप्रमाणे ग्रामपंचायतीने नमुना २२ मध्ये स्थावर मालमत्तेची आणि नमुना २४ मध्ये जमिनींची नोंदवही ठेवायची असते. तुमची इमारत नमुना २२ मध्ये आहे का, कोणत्या साली आणि कोणत्या निधीतून बांधली, हे बघा. नोंदच नसेल तर पहिलं काम ती करून घेणं. मग जमिनीकडे वळा. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, गावठाणात नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका. सातबाऱ्यावर "गायरान" किंवा "सरकार" असं दिसलं, तर जमिनीची मालकी शासनाची आहे. तिथे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, विषय तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

शाळेच्या खोल्या बहुधा जिल्हा परिषदेच्या असतात. गावाने श्रमदान केलेलं असो, आजोबांनी जमीन दिलेली असो, खोली जिल्हा परिषदेच्या नोंदीत असेल तर सरपंचांच्या सहीने ती मिळत नाही. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि गटविकास अधिकारी, आणि पुढे जिल्हा परिषद, अशी ती चाल आहे. जुन्या खोल्यांबाबत आणखी एक प्रश्न विचाराच: या खोलीचा निर्लेखनाचा प्रस्ताव गेला आहे का? धोकादायक ठरवून पाडायच्या यादीत टाकलेली खोली रंग देऊन वापरायला घेणं म्हणजे मुलांचा जीव टांगणीला लावणं.

अनुसूचित जातींच्या वस्तीत विकास योजनेतून बांधलेली समाजमंदिरं हा वेगळा आणि नाजूक विषय आहे. तो पैसा त्या वस्तीसाठी आलेला असतो. गावातल्या दुसऱ्या एखाद्या मंडळाने "बंदच आहे, आम्ही चालवतो" म्हणून ती ताब्यात घेणं मला अजिबात मान्य नाही. तिथल्या रहिवाशांनी स्वतःची संस्था करून ती चालवावी. बाहेरच्यांना मदत करायची असेल तर त्यांनी बोलावल्यावर आणि त्यांच्या हाताखाली करावी.

कार्यालयात कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून "इमारतीसंबंधी सर्व माहिती" असं मोघम न लिहिता नमुना २२ मधील नोंद, बांधकामाचा कार्यारंभ आदेश, पूर्णत्वाचा दाखला आणि मागील पाच वर्षांची वीजबिलं, असं नेमकं मागा. मात्र हा अर्ज भांडणाच्या सुरात नको. ज्या ग्रामसेवकाकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) पुढे ठराव लिहून घ्यायचा आहे, त्यांच्याशी आधी दोनदा बोलून बघावं.

नेमकं काय मागताय?

मालकी मागू नका. ती मिळणं अवघड आहे, आणि मिळाली तरी दुरुस्तीपासून कोर्टकचेरीपर्यंतचा सगळा बोजा तुमच्यावर येतो. सार्वजनिक इमारत सार्वजनिकच राहिली पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला हवा आहे तो वापराचा आणि व्यवस्थापनाचा हक्क, पुरेशा मुदतीसाठी.

त्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे वापर परवाना. इमारत मालकाच्याच ताब्यात मानली जाते, तुम्हाला ठरलेल्या कामासाठी वापरायची मुभा मिळते, आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर मालक ती काढून घेऊ शकतो. दुसरा भाडेपट्टा. यात मुदतीपुरता ताब्याचा हक्क तुमच्याकडे येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा ग्रामपंचायत स्वतः देऊ शकते. तीन वर्षांच्या वर गेलात की जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, नाहीतर व्यवहार वैध ठरत नाही. "नव्याण्णव वर्षांनी दिली" असा नुसता ठराव करून बसलेली मंडळं आहेत. तो कागद नव्या सरपंचाच्या पहिल्याच हरकतीत उडतो.

नवख्या गटाला माझा सल्ला: पहिला करार तीन वर्षांचा करा. तेवढ्यात तुम्हालाही कळतं की हे झेपतंय का आणि गावालाही कळतं की तुम्ही टिकणारे आहात. मग हिशेब आणि हजेरीपट घेऊन दीर्घ मुदतीचा प्रस्ताव पाठवा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर देणारे साधारणपणे लांब मुदतीचा करार बघतात, ते तेव्हा उपयोगी पडेल.

संस्था

करार माणसाशी नको, संस्थेशी हवा, आणि संस्था नोंदलेली हवी. गणेशोत्सवापुरतं मंडळ किंवा साधा बचतगट यांच्या नावे करार केला तर उद्या जबाबदार कोण, हा प्रश्न उरतो. किमान सात सभासद घेऊन १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि सोबत १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, हा सगळ्यात रुळलेला मार्ग. बचतगटांचा ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ नोंदलेला असेल तर त्याच्या नावे करार करता येतो.

नोंदणी हौसेने होते, पुढचं राहतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. दरवर्षी हिशेबतपासणी करून घ्यायची असते. दहा वर्षांपूर्वीचे विश्वस्त कागदावर तसेच असलेल्या संस्था खूप आहेत, त्यातले दोघे वारलेले, एक मुंबईला. अशा संस्थेच्या सचिवाची सही करारावर घेतली तर ती कोणत्या अधिकारात, हे विचारणारा कधीतरी भेटतोच. जुनी संस्था वापरणार असाल तर आधी तिचे फेरफार निकाली काढून घ्या.

नोंदणीची तयारीच नसेल तर आणखी एक रस्ता आहे: ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे ग्रामविकास समिती नेमता येते. इमारतीसाठी अशी समिती केली तर ताबा ग्रामपंचायतीकडेच राहतो आणि काम तुम्ही करता. स्वातंत्र्य कमी, पण सुरुवातीला पुरेसं.

पाहणी: कुलूप उघडून बघायचं ते

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून हे शिकण्यासारखं आहे. ओझर परिसरात १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून कालव्याच्या पाण्याचं व्यवस्थापन स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. पुढे वाघाड प्रकल्पावर संपूर्ण लाभक्षेत्राचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं, आणि २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदाच केला. या हस्तांतरणात संयुक्त पाहणी हा महत्त्वाचा टप्पा आहे. खात्याचे अधिकारी आणि संस्थेचे लोक मिळून चारीवरून चालत जातात, कुठे गेट मोडलंय, कुठे अस्तर फुटलंय, कुठे चारी बुजलीय ते लिहून घेतात, आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची ते हस्तांतरणाआधी ठरतं. मोडकी चारी घेतली तर शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचणार नाही आणि शिव्या खात्याला नाही, संस्थेला बसतील, हे त्यांनी ओळखलं होतं.

इमारतीचंही तसंच करा. पाहणीला ग्रामपंचायतीचा माणूस, जिल्हा परिषद बांधकाम विभागाचे शाखा अभियंता आणि तुमच्यातले दोघंतिघं एकत्र असू द्या. तारीख शक्यतो पावसाळ्यातली धरा. एप्रिल-मेमध्ये कुठलीही इमारत कोरडीच दिसते. गच्चीवर जा. पाण्याचा निचरा होणारे पाइप पालापाचोळ्याने तुंबलेले असतात, त्यामुळे पाणी साचतं आणि स्लॅबमध्ये मुरतं. खाली येऊन छत बघा. तपकिरी डाग, गिलाव्याचे फुगे आणि कुठे सळई उघडी पडली आहे का ते शोधा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. खिडक्यांच्या वरच्या छज्जांना हात लावून बघा, सळई गंजून फुगली की छज्जे आधी तडकतात. चौकटींना वाळवी. शौचालय असेल तर दोन बादल्या पाणी ओतून ते जातं का पाहा. शोषखड्डा भरलेला असणं किंवा मुळात खणलेलाच नसणं, दोन्ही मी बघितलंय. उघडी सळई किंवा मोठे तडे दिसले तर अभियंत्यांकडून संरचनात्मक तपासणीचा लेखी अहवाल घ्या. तो येईपर्यंत आत कार्यक्रम नको.

मग वीज. मीटर कुणाच्या नावे आहे, थकबाकी किती, आणि जोडणी कायमची खंडित झालेली आहे का. वायरमनला विचारलं की तो "पीडी झालंय" एवढंच सांगेल; त्याचा अर्थ नवी जोडणी, आणि आधी जुनी थकबाकी. ही थकबाकी ताब्याच्या तारखेआधी ग्रामपंचायतीने भरायची, हे कागदावर हवं. जोडणी घेताना वर्गवारीही तपासा. अभ्यासिका किंवा वाचनालय सार्वजनिक सेवेच्या दरात बसू शकतं, अर्ज मोघम भरला तर व्यापारी दर लागतो आणि फरक दर महिन्याला खिशातून जातो.

पाहणीत जे दिसलं ते तारखेसह लिहा, फोटो काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या. पंख्यांची संख्या, ट्यूबलाइट, खुर्च्या, कपाटं, किल्ल्या किती, हेसुद्धा. हीच यादी कराराला जोडायची.

पैशांचा हिशेब

समजा, अभ्यासिका चालवायची आहे. तीस मुलं, महिना २०० रुपये, जमा ६,००० रुपये. खर्चात वीज १,८००, सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईंना ३,०००, इंटरनेट ७००, पाणी-फिनेल-बल्ब वगैरे ५००. बेरीज बरोबर ६,०००. कागदावर छान जमतं.

आता यात काय राहिलं ते बघा. मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या की तिसांची पंधरा होतात, खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. दोन-चार मुलं अशी असतात ज्यांच्याकडून २०० रुपये मागवत नाहीत, आणि मागूही नयेत. आणि पाच वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं लागलं, ८० हजार रुपये धरा, तर त्यासाठी आजपासून दर महिन्याला सुमारे १,३३० रुपये बाजूला पडले पाहिजेत. वरच्या हिशेबात त्याला जागाच नाही. पाचव्या वर्षी छत गळायला लागतं, मुलं कमी होतात, जमा आणखी घटते आणि कुलूप येतं.

उपाय सुरुवातीलाच योजायचे. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी हॉल बारसं, हळदीकुंकू, बैठक यांना द्यायचा, महिन्यात चार दिवस ५०० रुपयांनी दिला तरी २,००० रुपये जमा होतात. ही रक्कम रोजच्या खर्चात न घालता वेगळ्या दुरुस्ती खात्यात टाका. ग्रामपंचायतीकडे दरवर्षी ठरावीक दुरुस्ती तरतूद मागा, इमारत शेवटी त्यांचीच आहे. बाहेरगावी नोकरीला असलेल्या गावकऱ्यांना एकरकमी मोठी देणगी मागण्यापेक्षा दरमहा १०० रुपये पाच वर्षं देणारे वीस जण मिळवा. देखभालीला असाच पैसा लागतो. वाचनालयाच्या शासकीय अनुदानाच्या भरवशावर अंदाजपत्रक बसवू नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळून अनुदान सुरू होणं हा लांबचा विषय आहे. मिळालं तर पुस्तकं वाढवा.

आणि लोकांचा वाटा पहिल्या दिवसापासून हवा, मग तो कितीही लहान असो. जलस्वराज्य प्रकल्पात गावाच्या पाणीयोजनेसाठी लोकवर्गणी ही अट होती. मुंबईत १९९५ नंतर वस्ती स्वच्छता कार्यक्रमात सार्वजनिक शौचालयं बांधून ती वस्तीतल्या संस्थांकडे चालवायला दिली गेली, तिथेही कुटुंबांकडून आधी वर्गणी घेतली गेली. पैसे दिलेला माणूस नळ गळत असेल तर विचारायला येतो.

ग्रामसभा

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. विषय ऐनवेळी काढू नका. तो विषयपत्रिकेवर यावा म्हणून आधीच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याआधी होणाऱ्या महिला सभेतही विषय मांडा. हॉल नेमका कधी मोकळा हवा, रात्री दिवा लागतो का, वाटेवर कोण बसलेलं असतं, हे प्रश्न तिथेच येतात आणि ते खरे प्रश्न असतात.

विरोध होणार असेल तर तो बहुधा इमारतीला नसतो, माणसाला असतो. "हे अमुक गटाचे" म्हणून. म्हणून सात सभासदांत एकाच भावकीचे, एकाच पक्षाचे लोक नकोत. हे पथ्य पाळलं नाही तर बाकी सगळे कागद बिनचूक असूनही पुढच्या निवडणुकीत इमारत हातची जाते.

ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. साधारण असा:

"मौजे ____ येथील ग्रामपंचायत स्थावर मालमत्ता नोंदवही (नमुना २२) अ. क्र. ____ वरील समाजमंदिराची इमारत ____ या नोंदणीकृत संस्थेस (नोंदणी क्र. ____) अभ्यासिका व वाचनालय चालविण्याच्या प्रयोजनासाठी दि. ____ पासून तीन वर्षांकरिता, वार्षिक नाममात्र भाडे रु. ____ घेऊन भाडेपट्ट्याने देण्यास ही सभा मंजुरी देत आहे. इमारतीची मालकी ग्रामपंचायतीकडेच राहील. इमारत सर्व जातिधर्मांच्या ग्रामस्थांना खुली राहील. सोबतच्या यादीतील दुरुस्त्या ताबा देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने करावयाच्या आहेत. सूचक: ____ अनुमोदक: ____"

"हरकत नाही" आणि "मंजुरी देत आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसता ना हरकत दाखला म्हणजे करार नव्हे. ग्रामसभेनंतर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचाही ठराव घ्या आणि दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला लगेच काढा. इतिवृत्त महिनोन्महिने कोरं ठेवून नंतर लिहिलं जातं, हा अनुभव नवा नाही.

करारनामा

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. मुद्रांक शुल्क मुदतीच्या टप्प्यांप्रमाणे वाढतं. एक टप्पा २९ वर्षांना संपतो, त्यामुळे २९ वर्षांचे करार इतके दिसतात.

करारात काय हवं याची यादी कुठल्याही वकिलाकडे मिळेल. ज्यावरून पुढे हमखास वाद होतो तेवढंच सांगतो. छत, खांब, बाहेरच्या भिंती यांची मोठी दुरुस्ती कोणाची? मालकाची, असंच लिहून घ्या. रंग, दिवे, नळ, कुलपं तुमची. तुम्ही केलेल्या सुधारणा, समजा लाद्या बसवल्या, तर मुदतीनंतर त्यांचं काय? निवडणूक, लसीकरण, पूर आला तर निवारा, अशा कामांना इमारत द्यावी लागेल, तर किती आधी कळवायचं? करार मोडायचा असेल तर दोन्ही बाजूंनी किती महिन्यांची नोटीस? सहा महिन्यांपेक्षा कमी मान्य करू नका, मुलांच्या परीक्षा मध्ये येतात. आणि मुदत कधी संपते ते ग्रामपंचायत निवडणुकीच्या तारखांशी ताडून बघा. निवडणुकीच्या तोंडावर संपणारा करार नूतनीकरणाला येतो तेव्हा तो इमारतीचा प्रश्न राहत नाही.

शहरात

नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत मालमत्ता विभाग, रेडी रेकनरवर (शासनाने ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांवर) आधारलेलं भाडं, समितीची किंवा सर्वसाधारण सभेची मंजुरी, अशी लांब साखळी असते. भाड्यात सवलत हवी असेल तर वापर खरोखर सार्वजनिक आणि बिनानफ्याचा आहे हे दाखवणारे मागच्या काही वर्षांचे तपासलेले हिशेब लागतात. नव्या संस्थेने थेट अर्ज करण्यापेक्षा आधीच करार असलेल्या संस्थेबरोबर एखादं वर्ष काम करावं.

मुंबईच्या वस्त्यांमधल्या शौचालयांच्या अनुभवातून शहरातल्या गटांनी एक गोष्ट उचलावी. बांधकामाचा मोठा खर्च पालिकेने केला, चालवणं वस्तीतल्या संस्थेकडे, कुटुंबांना मासिक पास, माळ्यावर राखणदाराची खोली. जिथे संस्थेच्या नियमित बैठका होत राहिल्या आणि हिशेब फलकावर लागत राहिला, तिथे शौचालयं स्वच्छ राहिली. जिथे दोन-तीन जणांनी संस्था खिशात घातली आणि काम परस्पर ठेकेदाराला दिलं, तिथे पासाचे दर वाढले आणि ज्यांच्यासाठी ते होतं तेच लोक बाहेर पडले. सेवा सरकारकडून समाजाकडे येताना मध्येच खासगी होऊन जाण्याचा धोका हा असा असतो.

ताबा आणि पहिलं वर्ष

ताबा पावती करा. पाहणीची यादी समोर ठेवून जे दुरुस्त झालं त्यावर खूण, जे राहिलं त्याची तारीख. मीटरचं रीडिंग लिहा, फोटो काढा. विमा उतरवा, आगीचं सिलिंडर लावा; दोन्हींना फार पैसे लागत नाहीत. दारात पायऱ्याच असतील तर पहिली दुरुस्ती उताराची करा, नाहीतर म्हातारी माणसं आणि अपंग मुलं पहिल्या दिवसापासून बाहेर राहतात.

किल्ल्या तिघांकडे, त्यातली एक बाई. उघडण्याच्या वेळा फलकावर, आणि त्या पाळायच्या. पहिले तीन महिने लोक येऊन नुसतं बघून जातात. सकाळी सहाला म्हटलंय तर सहाला दार उघडं दिसलं पाहिजे. महिन्याची जमा-खर्चाची एक ओळ त्याच फलकावर. मुलींसाठी वेगळी खोली करण्याआधी दिवा, आडोसा आणि चालू शौचालय करा, मग वेगळ्या खोलीची गरज आहे का ते त्याच सांगतील. कुठल्याही पक्षाचा, नेत्याच्या वाढदिवसाचा फलक आत किंवा दारावर नको. बांधकामाच्या निधीची जुनी पाटी मात्र काढू नका, ती सरकारी नोंदीचा भाग आहे आणि तिला हात लावला की उगाच वैर ओढवतं.

दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत दोन मिनिटं अहवाल मांडा: किती लोक वापरतात, किती जमा, किती खर्च, दुरुस्ती खात्यात किती. कोणी मागितलं नाही तरी मांडा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. मुदत संपायच्या निदान एक वर्ष आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या, कारण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडची मंजुरी दोन-तीन बैठकांत अडकते. त्या अर्जाला हे सगळे अहवाल, तपासलेले हिशेब आणि ताबा घेतानाचे व आत्ताचे फोटो शेजारी शेजारी लावून जोडा. आणि झेपत नाही असं दिसलं तर नोटीस देऊन, त्याच यादीवर खुणा करून, वीजबिल भरल्याच्या पावतीसह किल्ल्या ग्रामपंचायतीला परत करा. दुरुस्ती खात्यात काही शिल्लक असेल तर ती त्याच इमारतीसाठी वापरण्याच्या लेखी अटीवर पुढच्या गटाकडे द्या.